डोळ्याच्या आत लाठीमार चालत नाही

पावसाळ्यातली चिकट उमस सुरू झाली की इंदूरमध्ये काळे चष्मे अचानक वाढतात. ऊन नसतं, तरी वाढतात. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "डोळे आले असतील तर मुलाला शाळेत पाठवू नका" असा निरोप येतो आणि सिटी बसमध्ये लाल डोळ्यांच्या माणसाशेजारची जागा रिकामी राहते. 2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये देशभर साथ पसरली, तेव्हा आपलं शहरही सुटलं नव्हतं. (नुसतं बघितल्याने डोळे येत नाहीत, हे इथेच सांगून टाकते. हात, टॉवेल, उशीचा अभ्रा आणि दुसऱ्याचा मोबाइल यांच्यामार्फत येतात.)

साथ ओसरते. काही जणांची तक्रार मात्र उरते. लाली गेली, चिपडं थांबली, तरी दिव्याभोवती धूर दिसतो, वाचताना अक्षर फुटतं. डॉक्टर यंत्रावर हनुवटी टेकवायला लावतात, प्रकाशाची बारीक फट बुबुळावरून फिरवतात आणि म्हणतात, पांढरे ठिपके राहिलेत, जातील हळूहळू. रामबागेतल्या आमच्या एका काकूंनी यावर मला सरळ विचारलं, "विषाणू गेला म्हणतात ना? मग आता डोळ्यात बसलंय कोण?"

बसलेत ते आपलेच शिपाई. डोळे येण्यामागे बरेचदा अॅडिनो नावाच्या गटातला विषाणू असतो. तो मेला तरी त्याचे अवशेष कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेत, अडकून राहतात. त्यांच्याभोवती शरीराच्या पांढऱ्या पेशी जमतात आणि शत्रू संपल्यावरही आठवडे, कधी महिने, तिथून हलत नाहीत. धूर दिसतो तो त्या गर्दीचा.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत आले, डोळ्यांची डॉक्टर नव्हे. त्यामुळे इथे औषधाची चिठ्ठी मिळणार नाही. डोळा आणि आपली प्रतिकार यंत्रणा यांचं आपसात कसं चालतं आणि कुठे बिनसतं, तेवढं सांगते.

आधी सूज म्हणजे काय

बोटात काटा रुतला की आसपासच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतून पाणी झिरपतं, पांढऱ्या पेशी बाहेर येतात आणि जंतूंना मारणारी रसायनं सोडतात. या रसायनांना आपलं-परकं कळत नाही. जंतूंबरोबर शेजारच्या चांगल्या पेशीही मरतात. जागा लाल होते, गरम होते, ठणकते. चार दिवसांनी बरी होते आणि मागे एक बारीक व्रण राहतो. बोटावरच्या व्रणाची आपण पर्वा करत नाही.

कॉर्निया असतो मध्यभागी जेमतेम अर्धा मिलीमीटर जाड. त्याच्यातले तंतू एकसारख्या जाडीचे आणि एकसारख्या अंतरावर रचलेले असतात, म्हणूनच त्यातून प्रकाश आरपार जातो. त्यात एकही रक्तवाहिनी नाही. तो ऑक्सिजन मुख्यतः बाहेरच्या हवेतून घेतो. मागचा पडदा, म्हणजे रेटिना, चेतापेशींचा बनलेला आहे आणि त्या पेशी मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. बोटावर जो व्रण आपण विसरून जातो, तेवढाच कॉर्नियाच्या मध्यावर पडला तर समोरच्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही.

राजवाड्यासमोर गर्दी हाताबाहेर गेली तर पोलीस लाठीमार करतात. दोन-चार ठेले उलटतात, चपलांचा खच पडतो, सकाळी महापालिकेची गाडी येऊन सगळं झाडून नेते. तोच चोर पलीकडे सराफ्यात, काचेच्या कपाटांनी भरलेल्या पेढीत शिरला तर? तिथे लाठी फिरवली तर चोर सापडेल, पण पेढी उरणार नाही. म्हणून सराफ दार भक्कम ठेवतो, दारावर माणूस बसवतो आणि आत असे लोक नेमतो, जे आवाज न करता चोराला बखोटीला धरून बाहेर काढतील. त्वचेचा कारभार राजवाड्यासमोरच्या चौकाचा आहे, डोळ्याचा सराफी पेढीचा.

दारावरचा माणूस: अश्रू

अलेक्झांडर फ्लेमिंग म्हटलं की पेनिसिलिन आठवतं. त्याच्या काही वर्षं आधी, 1922 मध्ये, त्यांनी लायसोझाइम नावाच्या प्रथिनाविषयी लिहिलं होतं. ते जंतूंची बाहेरची भिंत विरघळवतं आणि अश्रूंमध्ये भरपूर असतं. प्रयोगासाठी अश्रू हवेत म्हणून फ्लेमिंग स्वतःच्या आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबू पिळत. आज कुठल्याही नैतिकता समितीने हे मंजूर केलं नसतं.

अश्रूंमध्ये याशिवाय लोह पळवणारं एक प्रथिन असतं, म्हणजे जंतूंची उपासमार. आणि आयजीए नावाची प्रतिपिंडं असतात. प्रतिपिंड म्हणजे ठरावीक शत्रूला ओळखून चिकटणारं प्रथिन. आयजीएचं वैशिष्ट्य असं की ते जंतूला पृष्ठभागावर बूड टेकू देत नाही, पण सूजही पेटवत नाही. मग पापणी मिटते आणि सगळं नाकाकडे वाहून जातं. रडलं की नाक का गळतं, त्याचं उत्तरही यातच आलं.

हा पहारा ढिला पडला तर त्रास सुरू. स्योग्रेन नावाच्या आजारात शरीर स्वतःच्याच अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींवर हल्ला करतं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पोळी पाण्याशिवाय गिळवत नाही. मध्यमवयीन बायकांमध्ये हा जास्त दिसतो आणि "वयाचं आहे" म्हणून वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहतो. कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांना एकच सांगते. नर्मदेचं पाणी कितीही पवित्र असो, नळाच्या पाण्याने लेन्स धुवायची नाही. त्यातला एक अमिबा कॉर्नियात शिरला तर महिनोन् महिने डॉक्टरांनाही दाद देत नाही. आणि रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, डोळ्यात गुलाल गेला तर चोळण्याऐवजी भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा. चोळण्याने वरचा नाजूक थर खरवडला जातो आणि जंतूंना दार उघडं सापडतं.

आत कायदा वेगळा

1873 मध्ये व्हॅन डोरेमाल नावाच्या डच डॉक्टरने कुत्र्याच्या डोळ्यात दुसऱ्या प्राण्याची ऊती ठेवून पाहिली. इतरत्र ठेवली असती तर शरीराने ती फेकून दिली असती. डोळ्यात ती बराच काळ टिकली. पुढे 1948 मध्ये पीटर मेडावार यांनी सशांवर असेच प्रयोग केले आणि डोळ्याला प्रतिकार यंत्रणेकडून खास सवलत आहे, असं मांडलं. याच मेडावारना 1960 मध्ये नोबेल मिळालं, पण ते शरीर परक्या ऊतीला कसं सहन करायला शिकतं, या कामासाठी.

मेडावारना वाटलं की डोळा प्रतिकार यंत्रणेच्या नजरेआड आहे, एवढंच. ते अर्धंच खरं निघालं. आड आहे हे बरोबर. रेटिनाच्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातल्या पांढऱ्या पेशींना सहज बाहेर पडता येत नाही. पण डोळा लपून बसण्यावर भागवत नाही, तो आत आलेल्यांना गप्पही करतो. कॉर्नियामागच्या पाण्यात सूज शांत करणारी रेणूंची रसद सतत असते. 1995 मध्ये आणखी एक गोष्ट कळली. डोळ्याच्या आतल्या पेशी फॅस लिगँड नावाचं प्रथिन मिरवतात आणि चवताळून आत शिरलेली पांढरी पेशी त्याला भिडली की ती स्वतःहून मरते. सराफाचे ते बिनआवाजाचे लोक हेच.

मला सगळ्यात चक्रावून टाकणारा भाग पुढे आहे. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात एखादा परका पदार्थ ठेवला, तर काही पेशी त्याचा नमुना घेऊन थेट प्लीहेत, म्हणजे पोटातल्या पानथरीत, जातात आणि तिथून साऱ्या शरीराला निरोप जातो, की यावर भडकू नका. एवढासा अवयव, पण सगळ्या शरीराच्या वागण्यात बदल करवतो. हे काम वेन स्ट्राइलाइन या शास्त्रज्ञाने उलगडलं. उंदरांत ते पक्कं दिसलं आहे. माणसात चित्र इतकं स्वच्छ नाही.

म्हणजे डोळा बेवारस सोडलाय का?

अजिबात नाही. रेटिनात स्वतःच्या गस्ती पेशी कायम असतात. पण या संयमाची किंमत मोजावी लागते आणि ती इंदूरने पाहिली आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये शहरातल्या एका रुग्णालयात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग झाला आणि अनेक रुग्णांची त्या डोळ्याची दृष्टी गेली. तेव्हा लोक विचारत होते, आजकाल एवढी जालीम अँटिबायोटिक्स असताना असं कसं होतं?

असं होतं. डोळ्याच्या आतला मोठा भाग एका पारदर्शक, घट्टसर द्रवाने भरलेला असतो. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, पांढऱ्या पेशी नगण्य. जंतू तिथे पोचले की पहिले काही तास त्यांना मोकळं रान. यंत्रणा जागी होते ती उशिरा आणि मग पूर्ण ताकदीनिशी घुसते. जंतूंची विषं आणि आपल्याच पेशींची रसायनं मिळून रेटिना जाळतात. गोळीतून घेतलेलं औषध तो चिकटलेल्या पेशींचा अडसर ओलांडून पुरेसं आत पोचत नाही, म्हणून अँटिबायोटिक सुईने थेट डोळ्यात द्यावं लागतं. तेही काही तासांच्या हिशोबाने. शस्त्रक्रियेनंतर डोळा दुखायला लागला किंवा आलेली नजर परत धूसर झाली, तर "सकाळी बघू" म्हणायचं नाही. त्याच रात्री निघायचं.

एका डोळ्याला इजा, शिक्षा दोघांना

अंधांसाठी लिपी घडवणारे लुई ब्रेल जन्मांध नव्हते. 1809 मध्ये फ्रान्समधल्या कूव्रे गावी जन्म, वडील घोड्याचं खोगीर आणि चामडी सामान बनवणारे. तिसऱ्या वर्षी बापाच्या दुकानात टोचा हाताळताना एका डोळ्याला इजा झाली. पाचव्या वर्षापर्यंत दुसराही डोळा गेला होता. टोचा लागला एकाला, दुसऱ्याचा काय गुन्हा?

संसर्ग पसरला असेल, असं काही जण म्हणतात. बऱ्याच तज्ज्ञांचा अंदाज वेगळा आहे. डोळ्याच्या आतली काही प्रथिनं जन्मापासून प्रतिकार यंत्रणेच्या ओळखीची नसतात, कारण ती बंद दाराआड असतात. खोल जखमेने दार फुटलं की ती पहिल्यांदा बाहेर दिसतात आणि यंत्रणा त्यांना परकी समजते. मग तीच प्रथिनं दुसऱ्या, धडधाकट डोळ्यातही आहेत हे तिच्या लक्षात येतं. काही आठवड्यांनी, कधी काही वर्षांनीही, तो डोळा लाल होतो, प्रकाश सहन होत नाही, नजर उतरते. ब्रेलच्या काळी यावर इलाज नव्हता. आज स्टिरॉइड आणि प्रतिकार यंत्रणेला आवर घालणारी इतर औषधं वेळेवर दिली तर तो डोळा बरेचदा वाचतो. खिळा, फटाका, क्रिकेटचा चेंडू यांनी डोळ्याला खोल जखम झालेल्या माणसाने "दुसरा आहे ना चांगला" म्हणून निर्धास्त राहू नये, ते याच कारणाने.

लाल आहे, पण डोळे आलेले नाहीत

डोळा दाखवायला गेलो आणि डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढायला पाठवलं, अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. चेहऱ्यावर भाव असा, की बघा, पैसे काढायचे धंदे. पण हा एक्स-रे बहुधा योग्य असतो.

डोळ्याच्या मधल्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या थराला सूज आली की त्याला युव्हिआयटिस म्हणतात. साथीच्या डोळ्यांत चिपडं येतात, खाज असते, बहुधा एकापाठोपाठ दोन्ही डोळे येतात. युव्हिआयटिसमध्ये चिपडं नसतात. आतून ठणका, उजेडाचा त्रास, नजर धूसर, आणि लाली बुबुळाच्या कडेला जास्त. कारणं डोळ्याबाहेर शोधावी लागतात. आपल्याकडे क्षयरोग हे त्यातलं मोठं कारण. जंतू फुप्फुसात असो वा नसो, त्याच्याविरुद्ध तापलेली यंत्रणा डोळ्यात दंगा करू शकते. क्षयाचा इलाज न करता नुसतं स्टिरॉइड दिलं तर आग विझल्यासारखी वाटते आणि जंतूला मात्र मोकळीक मिळते. म्हणून एक्स-रे.

पंचविशीतल्या मुलाची कंबर सकाळी उठताना आखडते आणि हालचाल केल्यावर सुटते, आणि त्याचा एकच डोळा वर्षातून दोनदा लाल होतो, तर या दोन गोष्टी एकच असू शकतात. एचएलए-बी 27 हा जनुकीय नमुना असणाऱ्या काहींत पाठीचा कणा आणि डोळा दोन्हीकडे यंत्रणा घसरते. त्याहून फसवा प्रकार सांधे सुजणाऱ्या लहान मुलांचा. त्यांच्या डोळ्याला आतून सूज असते, पण बाहेरून तो पांढराशुभ्र दिसतो आणि दुखतही नाही. मूल तक्रार करत नाही, आईला काही दिसत नाही. अशा मुलांची डोळेतपासणी ठरावीक महिन्यांनी व्हायलाच हवी, त्रास असो वा नसो.

फ्रिजच्या दारातली बाटली

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिथे येते.

जवळजवळ प्रत्येक घरात फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी, डोळ्यात टाकायच्या थेंबांची एक अर्धी बाटली असते. लेबल ओलसर होऊन पुसलेलं. मागच्या वर्षी आजोबांना दिली होती, त्यांना लगेच आराम पडला होता, म्हणून यंदा नातवाला. ती संपली की मेडिकलवाला तीच देतो. कुणी चिठ्ठी विचारत नाही. बाटली उघडून महिना झाला की ती बहुधा टाकून द्यायची असते, हे कुणाला माहीतही नसतं.

त्या बाटलीत बरेचदा स्टिरॉइड असतं. स्टिरॉइड म्हणजे सूज उठवणाऱ्या सगळ्या पेशींना एकदम खाली बसवणारं औषध. लाली दोन दिवसांत ओसरते, म्हणून लोकांना ते जादूचं वाटतं. जादू खरी आहे. युव्हिआयटिसमध्ये, कॉर्निया बदलल्यानंतर, ते डोळा वाचवतं, त्याला शिव्या देणं मूर्खपणाचं. पण लाली का आली हे न बघता ते टाकणं म्हणजे पेढीत चोर असताना सगळ्या चौकीदारांना घरी पाठवणं.

माळव्यात गव्हाची कापणी आली की हे दरवर्षी घडतं. मळणीच्या वेळी सांवेर, देपालपूरकडच्या शेतकऱ्याच्या डोळ्यात कुसळ उडतं. (आपल्याकडे दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ सगळ्यांना दिसतं, पण हे कुणी बघत नाही.) कुसळाबरोबर बुरशी कॉर्नियाच्या ओरखड्यात शिरते. तो गावातल्या दुकानातून थेंब आणतो. त्यात अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र. लाली कमी होते, तो कामाला लागतो. आत बुरशी निर्धास्त पसरत राहते. दहा-पंधरा दिवसांनी बुबुळावर पांढरा डाग घेऊन तो इंदूरच्या सरकारी एमवाय हॉस्पिटलमध्ये किंवा दुसऱ्या कुठल्या नेत्रालयात पोचतो, तेव्हा कधी कधी कॉर्निया बदलण्याशिवाय मार्ग उरलेला नसतो.

दुसरी गोष्ट शाळकरी मुलांची, जास्त करून मुलग्यांची. एप्रिल-मेमध्ये लू सुटली, धूळ उडाली की त्यांचे डोळे इतके खाजतात की मनगटाने चोळत राहतात. वरच्या पापणीच्या आत फोडांसारखे उंचवटे येतात. ही अॅलर्जी आहे, म्हणजे निरुपद्रवी धूळ-परागांवर यंत्रणेचा थयथयाट. बहुतेकांचा त्रास वयात आल्यावर उतरतो. पण तोपर्यंत दरवर्षी आई तीच बाटली आणते, मूल चोळायचं थांबतं, घर शांत. साधारण तीन माणसांतल्या एकाच्या डोळ्यात स्टिरॉइडने आतला दाब वाढतो, काहींत खूपच वाढतो. दाब दुखत नाही. कडेकडेची नजर जाते, मुलाला कळत नाही. हाच काचबिंदू, आणि त्याने गेलेली नजर कुठल्याही उपायाने परत येत नाही. मोतीबिंदूही लवकर येतो, पण तो निदान काढता येतो.

मग मुलाने चोळतच राहायचं का? तेही नको. सतत चोळण्याने कॉर्निया पातळ होऊन पुढे टोकदार होतो. यासाठी अॅलर्जीच्या पेशींना शांत करणारी बिनस्टिरॉइडची औषधं आहेत, थंड पाण्याच्या घड्या आहेत, बाहेर जाताना चष्मा आहे. तरीही भागलं नाही तर डॉक्टर थोडे दिवस स्टिरॉइड देतात, पण दाब मोजत, आणि हळूहळू कमी करत. घरात भिंग असेल तर आज ती बाटली बाहेर काढा आणि बारीक अक्षरं वाचा. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बेटामेथासोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, यांपैकी काही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे.

आणि रामबागेच्या काकूंचे ते पांढरे ठिपके? स्टिरॉइडने ते विरतात, थांबवलं की बरेचदा परत येतात. म्हणून नजर फार अडत नसेल तर डॉक्टर थांबायला सांगतात. ते आळशी नसतात.

मग इम्युनिटी वाढवायची नाही का?

कोविडपासून हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे आणि दुकानात त्याची पावडर मिळते. वर जे आजार आले त्यांतल्या निम्म्याअधिकांत यंत्रणा कमी पडलेली नाही, जास्त झालेली आहे. युव्हिआयटिसच्या रुग्णाला "इम्युनिटी वाढव" सांगणं उलट्या दिशेचा सल्ला आहे. त्याला डॉक्टर मेथोट्रेक्सेटसारखी यंत्रणा आवरणारी औषधं देत असतात.

खरी कमतरता असते तिथे ती भरून काढायला हवीच. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर मुलांच्या डोळ्यांचा पृष्ठभाग कोरडा पडतो, जंतूंना सोपं होतं. म्हणूनच भारतात 1970 पासून मुलांना अ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा कार्यक्रम चालू आहे. गोवराची लस डोळ्यांसाठीही आहे, कारण गोवराने कॉर्निया जाऊ शकतो. मध, गुलाबजल, कांद्याचा रस मात्र स्वयंपाकघरातच राहू द्या. ते निर्जंतुक नसतात, आणि डोळ्याच्या बाबतीत तोच मुद्दा आहे.

उतारवयातला पडदा

साठीनंतर काहींच्या रेटिनाचा मधला भाग झिजतो. सरळ रेघ वाकडी दिसते, वर्तमानपत्रात मधलाच शब्द गायब होतो. हे वयाचं झिजणं, एवढंच समजलं जायचं. 2005 मध्ये कळलं की रक्तात फिरणारी कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची साखळी, जी जंतूंना भोकं पाडते, तिचा लगाम काही लोकांत जन्मतः सैल असतो आणि त्यांना हा आजार होण्याचा धोका जास्त असतो. या साखळीला रोखणारं पहिलं औषध अमेरिकेत फेब्रुवारी 2023 मध्ये मंजूर झालं. ते सुईने डोळ्यात द्यावं लागतं, झिजण्याचा वेग कमी करतं, गेलेली नजर परत आणत नाही. सिगारेट सोडणं अजूनही त्याहून स्वस्त पडतं.

दुसऱ्याचा कॉर्निया डोळा कसा चालवून घेतो?

मूत्रपिंड बसवायचं तर रक्तगट जुळवा, ऊती जुळवा, जन्मभर गोळ्या घ्या. कॉर्नियाला यातलं बहुतेक काही लागत नाही. माणसातला पहिला यशस्वी कॉर्निया एडुआर्ड झिर्म यांनी डिसेंबर 1905 मध्ये आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स इथे बसवला, तेव्हा तर ऊती जुळवणं म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. रक्तवाहिन्या नाहीत, आतलं पाणी शांत करणारं, त्यामुळे बहुतेक वेळा नवा कॉर्निया खपून जातो. जुन्या जखमेमुळे रक्तवाहिन्या आत शिरलेल्या असल्या की मात्र सवलत संपते आणि नाकारला जाण्याचा धोका बराच वाढतो. लाली, उजेडाचा त्रास, नजर कमी होणं, दुखणं, यांतलं काहीही शस्त्रक्रियेनंतर वर्षांनी आलं तरी धावायचं. लवकर पकडलं तर तीच स्टिरॉइडची बाटली, या वेळी चिठ्ठीसह, तो वाचवू शकते.

देणाऱ्याच्या बाबतीत लोक विनाकारण अडतात. चष्मा होता, मोतीबिंदू काढला होता, वय ऐंशी होतं, मधुमेह होता, तरी नेत्रदान होतं. घेता येईल की नाही ते आयबँक ठरवते, आपण नाही. मृत्यूनंतर कॉर्निया साधारण सहा तासांच्या आत घ्यावा लागतो, म्हणून नातेवाइकांची वाट बघत बसू नये. पापण्या मिटाव्यात, त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी, पंखा बंद करावा. आयबँकेची माणसं घरी येतात, मृत्यूच्या दाखल्याची प्रत मागतात, तपासणीसाठी थोडं रक्त घेतात. काम अर्ध्या तासाच्या आत उरकतं, चेहरा विद्रूप होत नाही आणि पैसे पडत नाहीत.